आत्याचा स्वातंत्र्यदिन

आमच्या घरात वर्षातून दोन स्वातंत्र्यदिन पाळले जात. त्यांपैकी एक सगळ्या देशाचा होता. दुसरा एकट्या आत्याचा.

देशाच्या स्वातंत्र्यदिनाबद्दल मी नव्याने काय सांगावे? फक्त रत्नागिरीच्या १५ ऑगस्टबद्दल एक सांगतो, कारण देशावरच्या मंडळींना ते ठाऊक नसते. ऑगस्टात कोकणात झेंडा फडकत नाही. तो भिजून काठीला चिकटून बसतो. आमचे हेडमास्तर मोठ्या ऐटीत दोरी ओढत, गाठ सुटे, आत बांधलेली तगरीची फुले खाली पडण्याऐवजी ओल्या कापडालाच चिकटून राहत. आणि आम्ही शेदीडशे पोरे छत्र्या सावरीत, नाकावरचे पाणी निपटीत, वर बघून गाणे म्हणत असू. मग प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर पडे. ती तोंडात जाण्यापूर्वीच तिचा पाक झालेला असे. तरी त्या दिवसाची आम्ही महिनाभर आधीपासून वाट पाहत होतो, हे कबूल केले पाहिजे. साखरेसाठी असेल, सुटीसाठी असेल. पण पाहत होतो.

दुसरा दिवस ४ जानेवारीचा. त्याला ना साखर, ना सुटी. कोकणात थंडी म्हणून जी काही पडते ती याच सुमारास पडते. घरातली सगळी माणसे गोधड्यांत गुरफटलेली असत, आणि आत्या पहाटे उठून देवघरात एक निरांजन लावी. नेहमीचे काकडआरतीचे नव्हे. वेगळे, पितळेचे, एका वातीचे. बरोबर चार वाजून वीस मिनिटांनी. ते लावून ती भिंतीला टेकून बसे आणि पानाचा डबा पुढे ओढी. काळ्या-तांबड्या लाखकामाचा तो गोल डबा ब्रह्मदेशातला होता. आत्याने तिकडून आणलेली ती एवढीच वस्तू.

आत्या अण्णांची थोरली बहीण. १९३० साली लग्न होऊन ती रंगूनला गेली. तिचे यजमान तिथे सरकारी हिशेबखात्यात कारकून होते. त्या काळी हे काही जगावेगळे नव्हते. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १ एप्रिल १९३७ ला तो वेगळा काढण्यात आला. रंगून शहरात तर निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी माणसांची. बंदरावरचे हमाल तेलुगू, पेढीवाले तमिळ चेट्टियार, दुकानदार गुजराती, कचेऱ्यांतले बाबू बंगाली. आणि त्या बाबूंच्या गर्दीत कुठेतरी आमचे हे एक रत्नागिरीकर. आत्या सांगे, ‘अरे, पहिले सहा महिने मला वाटत होते की ब्रह्मी माणसे बहुधा दुसऱ्या गावात राहत असतील.’

१९४२ च्या मे महिन्यात ती परत आली, तेव्हा एकटी होती.

आता ४ जानेवारीचा खुलासा करायला हवा. १९४८ साली त्या दिवशी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, आणि तो पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी झाला. ज्योतिष्यांनी मुहूर्तच तसा काढून दिला होता. साऱ्या जगातले मुत्सद्दी, वकील आणि लष्करी अधिकारी डोळे चोळीत उठले ते पंचांगासाठी. आपल्याला हसायचे कारण नाही. आपला मध्यरात्रीचा मुहूर्तही १५ तारीख अशुभ म्हणून तोड काढता काढता साधला गेला, असे सांगतात. आणि १५ ऑगस्ट ही तारीख तरी आपण कुठे निवडली होती? आपण निवडलेली तारीख २६ जानेवारी. १९३० पासून आपण तीच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळत होतो. १५ ऑगस्ट निवडली माउंटबॅटनसाहेबांनी. १९४५ साली त्या तारखेला जपानने हत्यार खाली ठेवले होते आणि साहेब त्या वेळी आग्नेय आशियातल्या फौजांचे सरसेनापती होते, म्हणून ती त्यांच्या मनात बसलेली, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. साहेबांनी आपल्या किताबाला ‘ब्रह्मदेशचे’ असे जोडून घेतले होते. म्हणजे आमच्या ओल्या झेंड्याची तारीखही लढाईच्या त्याच आघाडीवरून आली होती. लहानपणी हे ठाऊक असते तर मी आत्याला तेवढ्यावरून खूप चिडवले असते.

एका गोष्टीवरून मात्र चिडवलेच. शाळेत रेखांश शिकल्यावर मी हिशेब केला आणि ऐटीत जाहीर केले, ‘आत्या, रंगूनचे घड्याळ आपल्या पुढे एक तास. तू तीन-वीसला दिवा लावायला हवा. तू एक तास उशीर करतेस.’ आत्याने सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिले. म्हणाली, ‘असेल. पोचायला तेवढा वेळ लागतोच.’

मी दहा वर्षांचा असताना, म्हणजे १९५८ साली, तिने त्या दिवशी मला बरोबर घेतले. ‘चल, जरा जाऊन येऊ,’ म्हणाली. कुठे, ते सांगितले नाही. अंगणातल्या अबोलीची एक वेणी तिने केळीच्या पानात बांधून घेतली. आम्ही चालत चालत गावाबाहेरच्या सड्यावर गेलो. तिथे कातळावर, गवतात, एक चिरेबंदी समाधी उभी होती. मी ती पूर्वी लांबून पाहिली होती. आम्ही पोरे तिला ‘थिबाराजाचे थडगे’ म्हणत असू, आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरकत नसू. आत्याने चप्पल काढली, वेणी समाधीवर ठेवली, हात जोडले, आणि समोर माणूस बसलेला असावा तशी सहज म्हणाली, ‘महाराज, बारा वर्षे तुमच्या घरात राहिलो. भाडे मात्र दुसऱ्यालाच देत होतो.’

मला त्यातले काहीच कळले नाही. पण घरी आल्यावर कुणाला सांगू नकोस असे ती म्हणाली नाही, आणि मी सांगितले नाही.

थिबाराजा रत्नागिरीकरांना इतका परिचयाचा की तो मुळात कुठला, इकडे का आला, हे कुणी विचारत नाही. त्याच्या नावाचा राजवाडा आहे, टेकडीवरून खाडी दिसते त्या जागेला नाव आहे, रिक्षावाल्याला ‘थिबा’ म्हटले की पुरते. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. फार पुण्यवान होता अशातला भाग नाही. १८७८ साली तो गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या अनेक भाऊबंदांची कत्तल झाली. हुकूम त्याचा की राणी सुपायालत आणि तिच्या आईचा, यावर अजून वाद आहे. पण त्याचे राज्य गेले ते या पापामुळे नव्हे. ते गेले सागाच्या ओंडक्यांमुळे. आणि यातली गंमत म्हणजे ते ओंडके तोडणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. मालक स्कॉटिश, नाव आपल्या मुंबईचे. कंपनी ओंडके तोडते जास्त आणि दाखवते कमी, असा ठपका ठेवून राजाच्या दरबाराने १८८५ साली तिला जबर दंड केला. दंड वाजवी होता की नव्हता, हा प्रश्न चौकशीचा. पण वरच्या ब्रह्मदेशावर फ्रेंचांचीही नजर होती, आणि इंग्रज सरकार निमित्ताच्या शोधातच होते. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात इरावतीतून आगबोटी निघाल्या, पंधरा दिवसांत लढाई संपली. २९ नोव्हेंबरला राजाराणीला बैलगाडीत बसवून मंडालेच्या राजवाड्यातून नदीकाठी नेले. रस्त्याच्या दुतर्फा रयत गुडघे टेकून रडत होती. आणि १ जानेवारी १८८६ रोजी व्हिक्टोरिया राणीला नव्या वर्षाची भेट म्हणून तो देश साम्राज्याला जोडल्याचे जाहीर झाले. देश असा पुड्यात बांधून भेट देता येतो!

राजाला आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवले. रत्नागिरीच का, तर इथे आगगाडी नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद. पळून जाणार कुठे आणि कसा? सरकारला आमच्या गावाचा हा गुण फार पसंत पडला असावा, कारण पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांनाही त्याने इथेच स्थानबद्ध करून ठेवले. चोवीस वर्षे राजा बंगल्यांतून राहिला. मग १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पुरा झाला आणि तो तिथे राहायला गेला. तांबड्या रंगाचा, उतरत्या छपरांचा, रंगीत काचांच्या खिडक्यांचा हा वाडा मला अजूनही कुणाची तरी समजूत घालण्यासाठी बांधल्यासारखा वाटतो. सहा वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, राजा तिथेच वारला. राणी १९१९ साली रंगूनला परत गेली. शव मात्र परत नेऊ दिले नाही. राजाच्या कबरीभोवती प्रजा जमेल, ही भीती. वंशातले काहीजण इथेच राहिले आणि हळूहळू मराठी होऊन गेले.

आता दुसरी बाजू पाहा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवले. टिळक जन्मले रत्नागिरीत. त्यांचे जन्मघर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. आणि त्यांना ठेवले तो तुरुंग थिबाच्या राजधानीच्या तटबंदीच्या आत. तटाला आता ‘फोर्ट डफरिन’ असे नाव पडले होते आणि राजवाड्याच्या दालनांत काही वर्षे गोऱ्या साहेबांचा क्लबही भरून झाला होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीतल्या नव्या वाड्यात आपले सामान लावीत होता. रत्नागिरीचा माणूस राजाच्या गावात कैदी आणि राजा रत्नागिरीत कैदी. दिल्लीच्या बहादूरशहाला त्याआधीच, १८५८ साली, रंगूनला धाडले होते. १८६२ साली तो तिथेच मातीत गेला. सरकारी कचेरीत एका कपाटातल्या फायली दुसऱ्या कपाटात ठेवाव्यात तशी ही माणसे इकडून तिकडे ठेवलेली.

हे सगळे मी मोठा झाल्यावर वाचले, आणि वाचताना मला बरे वाटत असे. म्हणजे दुःख वाटे, पण त्या दुःखात एक समाधान होते. जुलूम करणारा एक, जुलूम सोसणारे आपण दोघे. ब्रह्मी माणूस आणि आपण एका बाकावरचे. मी कॉलेजात जाईपर्यंत ही समजूत शाबूत होती. तिला धक्का बसला तो १९६५ साली, ४ जानेवारीलाच, आमच्या देवघरात.

त्याआधी जे घडले होते ते थोडक्यात सांगतो. १९६२ च्या मार्चमध्ये जनरल ने विन यांनी रंगूनमध्ये सत्ता बळकावली. पुढच्या दोन वर्षांत पेढ्या, दुकाने, वखारी सगळे सरकारजमा झाले. मोठ्या रकमेच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या. हिंदी माणसे बोटींनी परत येऊ लागली. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली, इकडची भाषा अर्धवट विसरलेली माणसे; लाखांवर माणसे. बरोबर पैसा नेता येईना, दागिने नेता येईनात. बंदरावर बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रेही उतरवून घेतली असे लोक सांगत. वर्तमानपत्रांत ही हकीकत येई, आणि अण्णा ती मोठ्याने वाचून दाखवीत. आत्याला ऐकू जावी म्हणून.

त्या पहाटे आत्या नेहमीप्रमाणे उठली. मी अभ्यासाला उठलो होतो. आत्याने वात तुपात भिजवली तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले.

‘अक्का, आज नको.’

आत्याने मान वर केली नाही.

‘त्यांनी आपल्या माणसांना भिकारी करून हाकलले आहे. तुझा नवरा त्यांच्या देशातून येताना रस्त्यावर मेला. आणि तू त्यांच्या स्वातंत्र्याचा दिवा लावतेस? कुणासाठी?’

अण्णा तापट होते, पण बहिणीशी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. आत्याने काडी ओढली, निरांजन लावले, आणि मग म्हणाली, ‘बस. तुला एक सांगायचे राहिले आहे.’

तिने सांगितले ते असे.

१९३२ सालचा २६ जानेवारी. काँग्रेस बेकायदा ठरलेली, गांधीजी तुरुंगात. रंगूनच्या त्या माडीवर चार मराठी कुटुंबांनी ठरवले की स्वातंत्र्याची शपथ घ्यायचीच. पुरुष सगळे सरकारी नोकर. म्हणून पहाटे, दारे लावून, हळू आवाजात. खादीचा हातभर तिरंगा खुंटीला बांधलेला. त्याला वाहायला फुले हवीत म्हणून आत्या आदल्या संध्याकाळी जिन्याखाली बसणाऱ्या ब्रह्मी फूलवालीकडे गेली. ती बाई आत्याला ‘कलामा’ म्हणे, म्हणजे परकी हिंदी बाई. त्या शब्दात पुष्कळदा तुच्छता असते, पण हिच्या तोंडी तो ‘काय गं’ म्हटल्यासारखा येई. एवढी फुले पाहून तिने विचारले, ‘उद्या कोणता सण?’

आत्या तरुण होती. तिला राहवले नाही. मोडक्यातोडक्या ब्रह्मीत, जरा अभिमानाने, तिने सांगितले, ‘उद्या आम्ही स्वातंत्र्याची शपथ घेणार.’

फूलवालीने विचारले, ‘कुणाच्या?’

‘मी म्हटले, आमच्या,’ आत्या सांगत होती. ‘तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही रे. पाहिले नुसते. मग फुले मोजून दिली. पैसे घेतले.’

त्या बाईचे गाव थरावडीकडचे होते. १९३० च्या डिसेंबरात तिथेच शेतकऱ्यांचे बंड उठले होते, सया सान नावाच्या माणसाच्या पुढारीपणाखाली. तांदळाचा भाव पार कोसळला होता आणि सरकारची डोईपट्टी मात्र तीच. ते बंड मोडायला हिंदुस्थानातून पलटणी आल्या. १९३१ च्या नोव्हेंबरात सया सानला फाशी दिले. म्हणजे आत्याने फुले घेतली तेव्हा त्या फाशीला पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

‘आणि डोईपट्टीचे आकडे कोण उतरवीत होते?’ आत्या म्हणाली. ‘पहाटे शपथ घेतली, दहा वाजता कचेरीत जाऊन ह्यांनी तेच रजिस्टर उघडले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. तुला माहीत आहे.’

अण्णा काही बोलले नाहीत. आत्याही पुढे काही बोलली नाही. निरांजनातले तूप संपेपर्यंत ती दोघे तिथे बसून होती. मी पुस्तकावर डोळे ठेवून होतो, पण पान काही उलटले नाही.

पुढे मी ब्रह्मदेशाबद्दल जे काही वाचले ते या फूलवालीच्या प्रश्नावरून वाचले. तेव्हा एकाच बाकाची माझी समजूत टिकेना. १८८५ साली मंडालेवर चालून गेलेल्या फौजेत बहुतेक शिपाई हिंदी होते. राजा गेल्यावर खेड्यापाड्यांतून जी झुंज कित्येक वर्षे चालली, ती मोडणारेही हिंदी शिपाई आणि हिंदी पोलीस. इरावतीच्या खालच्या खोऱ्यातल्या भातजमिनींवर चेट्टियारांनी कर्जे दिली होती. ते काही दरोडेखोर नव्हते. बँकांनी ज्यांना उभे केले नसते त्या शेतकऱ्यांना त्यांनी पैसा पुरवला, जंगल तोडून शेती करवली. पण १९३० नंतर भाव कोसळले आणि कर्जे बुडाली, तेव्हा गहाणाच्या जमिनी त्यांच्या नावावर चढत गेल्या. १९३८ च्या सुमारास तिथल्या मुख्य भातजिल्ह्यांतली चौथा हिस्सा जमीन त्यांची झाली होती. ब्रह्मी शेतकऱ्याला साम्राज्य कधी दिसलेच नाही; त्याला दिसला तो हिंदी सावकार, हिंदी शिपाई, हिंदी हमाल आणि हिंदी कारकून. मोत्यासारखे अक्षर असलेला.

म्हणून १९६४ साली झाले ते न्याय्य होते असे मी म्हणत नाही. गळ्यातले मंगळसूत्र उतरवून देणाऱ्या बाईने कुणाची जमीन घेतली नव्हती. बोटीतून उतरलेल्यांत बहुतेक गरीबच होते. सावकार शहाणे, त्यांनी आधीच पाय काढला होता. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपाशी राहून १३ सप्टेंबर १९२९ ला प्राण सोडणारे जतीन दास होते, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी रंगूनच्या तुरुंगात १६६ दिवसांच्या उपोषणाने मेलेला भिक्षू ऊ विसार नव्हता. सरकार एक, कायदा एक, महिना एक. तो पुस्तकात असता तर आत्याने फूलवालीला दुसरे काही उत्तर दिले असते का? कोण जाणे.

१९४२ बद्दल आत्या बोलत नसे. मला जे माहीत आहे ते अण्णांकडून. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिले बाँब पडले. मार्चमध्ये शहर जपान्यांच्या हाती गेले. चार-पाच लाख हिंदी माणसे डोंगरजंगलांतून हिंदुस्थानकडे निघाली, बरीचशी पायी. तामूवरून मणिपुरात उतरणाऱ्या वाटेवर गोऱ्यांसाठी एक रस्ता आणि काळ्यांसाठी दुसरा होता, ही गोष्ट मी पुढे छापील वाचली. घरी ती बोलण्यात आली नव्हती. मोत्यासारख्या अक्षराच्या कारकुनाला सरकारने कोणत्या रस्त्याने पाठवले हे सांगायला नको. पटकीने त्यांना दोन दिवसांत नेले. आत्या पुढे चालत राहिली. एका ब्रह्मी खेड्यात एका म्हातारीने तिला दोन दिवस ठेवून घेतले, भात खाऊ घातला आणि निघताना तिच्याजवळची पाने-सुपारी आपल्या डब्यात घालून तो डबाच तिला देऊन टाकला. तोच तो लाखकामाचा डबा. मी इतकी वर्षे समजत होतो की तो रंगूनच्या घरातला.

ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्याची कथाही सरळ नाही. त्यांना पहिले स्वातंत्र्य १ ऑगस्ट १९४३ ला जपान्यांनी दिले. ते कसले होते ते त्यांना लवकरच कळले, आणि २७ मार्च १९४५ ला आंग सान यांची फौज जपान्यांवरच उलटली. १९४७ च्या जानेवारीत आंग सान यांनी लंडनला जाऊन ॲटलींशी करार केला. जुलैच्या १९ तारखेला, मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना, मारेकऱ्यांनी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. साडेपाच महिन्यांनी मुहूर्ताची ती पहाट आली तेव्हा झेंडा वर जाताना पाहायला ते नव्हते. राजाचा विचार तर कुणाच्या मनातही नसावा. देश प्रजासत्ताक झाला होता. राजाचे सिंहासन तेवढे परत गेले. ते इंग्रजांनी कलकत्त्याच्या वस्तुसंग्रहालयात आणून ठेवले होते, म्हणून १९४५ सालच्या लढाईत मंडालेचा राजवाडा जळाला तेव्हा ते वाचले. १९४८ साली माउंटबॅटननी ते ब्रह्मदेशाला परत केले. सिंहासन गेले, त्यावर बसणारा आमच्या सड्यावर राहिला.

आत्या १९७९ साली गेली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला दिसत नसे; ४ जानेवारीला निरांजन अण्णा लावीत आणि तिचा हात धरून त्या उजेडाजवळ नेत. त्यांनी कधी त्याबद्दल चर्चा केली नाही. आत्याच्या मागून अण्णा दोनच वर्षे होते. ती दोन्ही वर्षे त्यांनी दिवा लावला, तोही चार-वीसलाच.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि समाधीपुढे नतमस्तक झाले. (१९८९ पासून त्या देशाने हे नाव घेतले आहे, माझ्या तोंडात ब्रह्मदेशच येते.) शंभराच्या आसपास वर्षांत त्या देशाचा प्रमुख प्रथमच तिथे आला, असे लोक म्हणत होते. मी त्या दिवशी गेलो होतो, पण पोलिसांनी रस्त्यावरच अडवले. ‘आजोबा, मागे सरा, पाहुणे येताहेत,’ असे एक पोरगेला शिपाई अदबीने म्हणाला. मी मागे सरलो. २०२१ च्या फेब्रुवारीत त्या देशात लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि तिकडची माणसे जीव मुठीत धरून मिझोरमच्या डोंगरांत उतरू लागली. आत्या आली त्याच दिशेने. या वेळी ब्रह्मी माणसे.

राष्ट्राध्यक्ष येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांनी ४ जानेवारी आला. मी पहाटे उठलो नाही. त्या वयात झोप अशी मधेच मोडलेली परवडत नाही. सकाळी नऊच्या सुमारास बाजारातून अबोलीची वेणी घेतली आणि गेलो. पूर्वीचा सडा आता राहिलेला नाही. आजूबाजूला घरे झाली आहेत, शेजारी पोरे क्रिकेट खेळत होती. समाधी मात्र पाहुण्यांच्या निमित्ताने झाडूनपुसून लख्ख झालेली. मी चप्पल काढली, वेणी ठेवली. हात जोडून उभा राहिलो, पण आत्यासारखे मोठ्याने बोलणे काही जमले नाही.

चेंडू समाधीच्या पायरीपाशी आला होता. तो न्यायला आलेला पोरगा माझ्याकडे आणि वेणीकडे पाहत थांबला.

‘आजोबा, तुमचे कोण होते हे?’

‘घरमालक,’ मी म्हणालो.

त्याला ते पटले असावे. चेंडू घेऊन तो पळत गेला.